तळ्याचा फोटो

भोसरीच्या तळ्यावर रविवारी संध्याकाळी माणसं सूर्य बुडताना बघायला येत, याचं गावातल्या जुन्या माणसांना फार हसू यायचं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "आगं, त्यो काय आज पयल्यांदा बुडतोय व्हय?" त्यांचं बरोबरच होतं. गावाला तळं म्हणजे बैल धुवायची, धुणं बडवायची, म्हशींनी डुंबायची जागा. पण पिंपरीत नवा कारखाना उभा राहिला, फाळणीनंतर तिथल्या कँपात सिंधी मंडळी येऊन वसली, आणि या नव्या माणसांनी आमचं तळं जणू शोधून काढलं. सायकलींवरून, टांग्यातून, चालत, जमेल तशी यायची. बायका नवऱ्यांच्या शेजारी चक्क मांडी घालून बसायच्या, पोरं शेंगा खायची, आणि सूर्य पलीकडच्या माळाला टेकला की सगळा काठ गप्प व्हायचा. पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा भोसरीत कारखाने नव्हते, नुसती ज्वारी होती.

तळ्यावर खडकी बाजारातून एक फोटोवालेही येत. वयस्कर मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. सायकलच्या कॅरिअरला कॅमेरा, त्याचं तिकाटणं आणि काळं फडकं बांधून यायचे. त्यांची एक रीत होती. ते माणसांना तळ्याकडे तोंड करून उभं करत, म्हणजे मावळतीचं ऊन बरोबर चेहऱ्यावर पडायचं, आणि स्वतः पाण्याकडे पाठ करून उभे राहत. फोटो सुरेख निघायचा, पण त्यात मागे दिसायची आमच्या गावची धुळीची वाट आणि एखादी शेळी. तळ्यावर जाऊन काढलेल्या फोटोत तळंच नाही! माझ्या नवऱ्याला हे अजिबात पटत नसे. तो चाचांशी हुज्जत घालायचा, "चाचा, तळं कुठंय हेच्यात?" चाचा म्हणायचे, "अरे भाऊ, पब्लिकला थोबडा पाहिजे. तळं घरी नेऊन काय करणार?"

माझं माहेर चाकणचं, कांद्याच्या बाजाराजवळचं. लग्न होऊन मी भोसरीत आले तेव्हा घरात तीनच माणसं होती. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझा नवरा, जो पिंपरीच्या कारखान्यात नुकताच लागला होता. आणि दीर, जे शेत बघायचे. सासरे कधीच वारलेले. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती, पण शिस्त कडक. आत्याबाई समोर असताना नवऱ्याशी बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि वर मान करून त्याच्या तोंडाकडे बघायचं तर मुळीच नाही. तो ओसरीवर जेवायला बसला की मी वाढायची ती त्याच्या ताटाकडे बघून. त्याचे हात मला पाठ होते. रात्रपाळी असली की तो दिवसा झोपायचा, दिवसपाळी असली की घरी यायला दिवस मावळायचा, आणि मग आमच्या वाट्याला यायचा तो चिमणीच्या उजेडातला घटकाभर वेळ. तेल जाळायचं नाही म्हणून चिमणीही मीच फुंकायची. आजकालच्या मुलींना हे सांगितलं तर त्या म्हणतात, आजी, मग तुम्ही संसार कसा केलात? मी म्हणते, चाचपडत.

कॅमेरा त्याने कँपातल्या एका दुकानातून आणला. जुनाच होता. काळ्या डब्यासारखा डबा, वर एक बोटभर काच. पोटाशी धरायचा, मान खाली घालून त्या काचेत बघायचं, आणि बाजूची पितळी दांडी दाबायची. मला वाटलं होतं, आता हा माझा फोटो काढणार. कसचं काय! त्याच्या डोक्यात दुसरंच भरलेलं. कारखान्याच्या कचेरीत म्हणे काश्मीरच्या कुठल्याशा तळ्याचं कॅलेंडर होतं. सूर्य बुडतोय, पाणी चमकतंय, माणूस एक नाही. ते बघून हा पेटला. "आपलं तळं काय कमी हाय व्हय?" असं तो मला रात्री अंधारात विचारायचा. "आसा फोटू काढतो बघ, भोसरीचा हाय म्हनून कुनी इस्वासच ठिवनार न्हाई."

आणि म्हणून रविवार माझा झाला. आठवड्याचं धुणं मी मुद्दाम रविवारच्या दुपारसाठी साठवायची. आत्याबाईंना काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण त्या दुसरीकडे बघून म्हणायच्या, "जा बाई धुण्याला. भावजीला संगं ने." मग पुढे नवरा, मध्ये दीर, मागे डोक्यावर गाठोडं घेऊन मी, अशी आमची वरात तळ्यावर निघायची. तळ्यावर पोचलं की दीर शहाण्यासारखे म्हशींकडे निघून जायचे. रविवारी त्या वेळी तिथे गावातलं कुणी नसे, सगळी बाहेरची माणसं, त्यामुळे मी मान वर केली तरी बोट दाखवणारं कुणी नव्हतं. अख्ख्या आठवड्यात मला नवऱ्याकडे उजेडात बघायला मिळायचं ते तिथेच. आणि तो बघा, सगळा वेळ सूर्याकडे तोंड करून उभा, माझ्याकडे पाठ!

मी दगडावर धुणं बडवत बडवत त्याची पाठ बघायची. डावा खांदा जरासा उतरता होता त्याचा. लहानपणी मोटेवर काम करून तसा झाला असं दीर सांगायचे. टोपी नेहमी मागे सरकलेली. फोटोत माणूस आलेलं त्याला खपायचं नाही. कँपातली पोरं पाण्यात उतरली की हा त्यांना हात जोडायचा, शेंगावाल्याला म्हणायचा, "राव, जरा पलीकडं जावा की." आणि मला? मला तर सारखंच, "आगं सरक, तुजा पदर येतोय." मी चिडून एकदा म्हटलं, "लग्न माझ्याशी लागलंय की तळ्याशी?" तर तो मागे न बघता म्हणाला, "तळ्याशी आदी लागलं व्हतं."

मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. एका रोळात आठ फोटो, तो रोळ महिना-दीड महिना पुरवायचा, आणि त्या आठांत माझ्या वाट्याला एकही नाही. जोडीचा फोटो काढायचं ठरलं होतं खरं, खडकीला चाचांच्या दुकानात, खुर्चीवर बसून. पण आत्याबाईंचं म्हणणं, आधी जेजुरीला जाऊन खंडोबाचं दर्शन, घरी जागरण, मग फोटो. पहिल्या वर्षी पीक गेलं, दुसऱ्या वर्षी रजा मिळाली नाही. आणि एकट्या माणसाचा फोटो काढायची तर आमच्यात सोयच नव्हती. एकट्याचा फोटो भिंतीवर लागतो तो गेलेल्या माणसाचा, असं सगळे मानायचे. जित्या माणसाने एकट्याने फोटोला बसणं म्हणजे नसतं बोलावणं धाडणं. तोही मानायचा. कारखान्याने त्याला बिल्ला दिला होता, पण त्यावर नुसता आकडा होता.

तो रविवार भाद्रपदातला. दुपारी पाऊस पडून उघडला होता आणि ढग फाटले होते. मला दिवस गेल्याचं मी त्याला अजून सांगितलं नव्हतं. घरात कुठे सांगणार? म्हणून मनात धरून बसले होते की तळ्यावर सांगायचं. पण त्या दिवशी आकाशाने जे काही मांडलं होतं त्याने हा वेडाच झाला. चपला काढल्या, धोतर खोचलं आणि चिखलात उतरला. पावसामुळे बाहेरची माणसं फारशी आलीच नव्हती, समोर पाणी मोकळं. मी काठावरून हाक मारली तर हाताने गप्प बस म्हणून खुणावलं. मग सूर्य ढगाखालून निघाला आणि सगळं तळं पेटल्यासारखं झालं. त्याने दांडी दाबली. कितीतरी वेळ तो तसाच उभा राहिला, आणि मग वळला. तेव्हा मी त्याचं तोंड बघितलं असेल, नक्कीच बघितलं असेल. एवढं हसणारं माणूस समोर आल्यावर कोण बघणार नाही?

मी सांगितलं. तो चिखलाच्या पायांनी तसाच माझ्यापुढे उकिडवा बसला. मग डब्यामागच्या, रोळाचा आकडा दाखवणाऱ्या तांबड्या काचेत बघून म्हणाला, "येक ऱ्हायलाय. आज तू काड."

मला हसूच फुटलं. त्याने डबा माझ्या पोटाशी धरायला दिला, दांडी दाखवली, आणि पळत जाऊन पाण्याच्या कडेला उभा राहिला. मी मान खाली घालून काचेत बघितलं. काचेत तो बोटाच्या पेराएवढा दिसत होता, मागे सगळी आग, आणि तो काळा ठिक्कर. मी ओरडले, "अहो, तोंड काळं दिसतंय तुमचं! इकडे या, उन्हाकडे तोंड करा. चाचा करतात तसं."

"मग तळं कुटं येनार?"

"नाही आलं तर नाही आलं. पोराला बापाचं तोंड दाखवायला नको?"

तर तो तिथूनच म्हणाला, "पोराला तळं दावू! फोटू तळ्याचा हाय, माजा न्हाई. मी नुसता मापाला हुबा हाय."

मापाला! म्हणजे पाणी केवढं, आकाश केवढं, हे कळायला एक माणूस लागतो ना, तेवढ्यासाठी. मी हसत हसतच दांडी दाबली. पण त्याआधी मी मुद्दाम वेळ काढला. मान खाली घालून नवऱ्याकडे बघायला कुणाची ना नव्हती, आणि त्या काचेत मी त्याच्याकडे हवं तेवढं बघून घेतलं.

वाटेत तो जरा लंगडत होता. चिखलात बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा खिळा त्याच्या टाचेत गेला होता. तळ्यावर बैल धुवायला आणायचे, पत्र्यांचे खिळे तिथे नेहमीच पडलेले असायचे, आणि गावात कुणाच्या पायात खिळा गेला नाही असं नव्हतंच. आत्याबाईंनी हळद भरली, फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी तो पाळीवर गेला. सगळ्यांनी गेलं असतं तसाच गेला. आठवडा उलटला आणि एका सकाळी भाकरीचा घास त्याच्या तोंडात जाईना. दातखीळ बसली होती. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दिरांनी त्याला नेलं, पण धनुर्वात अंगभर चढला होता. मला तिथे शेवटी शेवटी नेलं. धनुर्वातात माणसाचं तोंड कसं होतं ते ज्याने बघितलंय त्याला मी काय सांगू, आणि ज्याने बघितलं नाही त्याने विचारू नये. ते त्याचं तोंड नव्हतं. ते मी आठवत नाही, आणि आठवलं तर तळहाताने डोळे दाबून घालवते.

दिवसकार्य झालं. मी कोपऱ्यात बसून होते. आत्याबाई रडत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या. एके दिवशी त्या म्हणाल्या, "हेच्या बापाचा येक फोटू न्हाई. इसारले मी त्याचं त्वांड. सोळा-सतरा वर्सं संसार केला, न् आता डोळं मिटलं तर नुसतं पागुटं दिसतंय." मग माझ्याकडे वळल्या. "ह्येचं त्वांड मी न्हाई इसरनार. काई बी कर, पर ह्येचं त्वांड पायजे मला घरात."

कॅमेऱ्यात तो रोळ तसाच होता. आम्ही तिघं बैलगाडीने खडकीला गेलो. चाचांना ओळख पटली, त्यांनी कपाळाला हात लावला, आणि आम्हाला चहा देऊन रोळ घेऊन आत अंधाऱ्या खोलीत गेले. बऱ्याच वेळाने ओला रोळ आणि ओले कागद घेऊन बाहेर आले. सात कागदांवर तळं. माणूस नाही, पोर नाही, शेळी नाही. त्याने इतके रविवार ज्याच्यासाठी वणवण केली तो ढगांचा फोटोही त्यात होता, आणि खरंच, काश्मीरच्या तोंडात मारील असा होता. तो बघायला तो नव्हता. आठव्या कागदावर तेच पाणी, तेच ढग, आणि मध्ये काळा माणूस.

"यात तोंड काढून द्या," आत्याबाई म्हणाल्या.

चाचांनी भिंग लावून बघितलं, खिडकीपाशी नेऊन बघितलं. "ताई, ऊन मागनं आहे. तोंड आलंच नाही याच्यात. जे आलंच नाही ते मी कुठून काढू?"

आत्याबाईंनी तो कागद हातातही घेतला नाही. असलं काळं घरात नको म्हणाल्या. मी तो घेतला आणि पदराच्या टोकात ठेवला.

मग चाचांनीच तोड सुचवली. तेव्हा फोटोच्या दुकानांतून असं चालायचं. लढाईत गेलेल्या शिपायांच्या घरची माणसं त्यांच्याकडे यायची, तेव्हा ते भावाला किंवा मुलाला खुर्चीत बसवायचे, गेलेल्या माणसाचे कपडे घालून फोटो घ्यायचे, आणि मोठ्या कागदावर बारीक पेन्सिलीने आणि कुंचल्याने नाक-डोळे सुधारायचे. घरच्यांनी सांगायचं, त्यांनी करायचं. "सख्खा भाऊ आहे ना? ठेवण तर एकच असणार," ते म्हणाले. आत्याबाईंनी लगेच मान हलवली. दीर बिचारे काय बोलणार? घरून भावाचा लग्नातला कोट आणि टोपी आणून पुढच्या बाजाराच्या दिवशी ते चाचांच्या खुर्चीत बसले. एकट्याने. मला अजून ते दिसतं, कोटाच्या बाह्या आखूड होत आहेत म्हणून मुठी मांडीखाली दडवून बसलेले.

फोटो मोठा करून झाल्यावर चाचांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. पेन्सिल हातात घेऊन त्यांनी विचारलं, "आता सांगा. काय बदलू?"

आत्याबाई म्हणाल्या, "गाल बसलेलं व्हतं त्याचं. वाईच आत घ्या." त्यांनी घेतले. "कान येवडं न्हवतं." कान लहान झाले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू बी सांग की. नवरा व्हता तुजा."

मला लग्न झाल्यापासून बघू नको बघू नको म्हणून सांगितलेलं, आणि आता त्या दोघांसमोर, परक्या माणसासमोर सांगायचं? मला काय येत होतं सांगायला? खांदा सांगितला असता, पण खांदा कुणी विचारत नव्हतं. शेवटी म्हटलं, "भुवईत खोक होती. उजव्या."

"डाव्या," आत्याबाई म्हणाल्या.

"उजव्या होती."

"डाव्या भवईत! दावं तुटून कासरा लागला व्हता. मी हळद दाबली हाय ह्या हातानं."

त्यांनी त्याला कडेवर घेऊन बघितलेला, मी समोरून बघितलेला. माझ्या बाजूने उजवी की त्याच्या बाजूने उजवी, मी तिथल्या तिथे आठवायला गेले आणि सगळंच हललं. काचेत बघितलं होतं ते उलटं होतं की सुलटं? आत्याबाईंनी आपल्याच भुवया चाचपून बघितल्या. त्यांच्याही मनात पाल चुकचुकली असावी. चाचा पेन्सिल धरून थांबले होते. आमचं दोघींचं जमेना, तेव्हा त्यांनी खोक घातलीच नाही.

फोटो काचेत बसून घरी आला. दिरांनी तो ओसरीवर खिळ्याला लावला आणि आत्याबाई हार घेऊन पुढे झाल्या. पुढे झाल्या आणि थबकल्या. गाल बसलेले, कान लहान, कोट त्याचाच, पण बघत होता तो धाकटाच. आणि धाकटा जिता-जागता खाली उभा. त्याच्या तोंडाला हार कसा घालायचा? त्यांनी हार गुंडाळून देवळात पाठवून दिला. फोटो मात्र काढला नाही. काढायचा तर त्याच्या जागी काय लावायचं? तेव्हापासून आमच्या ओसरीवर एक बिनहाराचा फोटो होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कुणाचा हे आम्ही सांगायचो, आणि तो माणूस मान हलवून दिरांकडे बघायचा. दिरांनी सहा महिन्यांत मिशा राखल्या. का राखल्या हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्या झुपकेदार मिशा पुसत ते माझ्यासमोरून मान खाली घालून जायचे तेव्हा मला त्यांची माया यायची.

मला मुलगी झाली. ती बसायला लागली, उभी राहायला लागली. आत्याबाई तिला कडेवर घेऊन फोटोपुढे न्यायच्या आणि म्हणायच्या, "बाबा. ह्ये बाबा." ती शहाणी पोर, ऐकून घ्यायची.

दुसऱ्या वर्षी पितृपंधरवड्यात त्याची तिथी आली. गावातली दोन-चार माणसं जेवायला यायची होती. आत्याबाईंनी झेंडूचा मोठा हार केला होता. त्या म्हणत होत्या, आता मिशा आल्या धाकट्याला, आता वेगळा दिसतो, यंदा घालते. मी मुलीला कडेवर घेऊन मागे उभी होते. आत्याबाईंनी हात वर केले, आणि मुलीने बोट दाखवून खणखणीत आवाजात म्हटलं, "काका."

दीर दारात पत्रावळी घेऊन उभे होते. ते तसेच मागच्या पावली घरामागच्या परड्यात निघून गेले. आत्याबाईंचे हात खाली आले. एवढी खंबीर बाई, पण हार मांडीवर घेऊन त्या भुईवरच बसल्या आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. "न्हाई गं ह्यो, न्हाई. ह्यो माजा त्यो न्हाई."

माझ्याकडे दुसरं होतं काय? मी आत जाऊन ट्रंकेतून, लुगड्याच्या घडीतून तो काळा फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला. वाटलं, फेकून देतील. त्या उठल्या, दाराच्या उजेडात गेल्या, लांब धरला, जवळ धरला. मग त्यांचं रडणं थांबलं.

"ह्यो आला बघ," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आगं, आसाच यायचा. सांजच्याला रानातनं यायचा बांदावरनं, ऊन त्याच्या म्हागं, माज्या डोळ्यांत. त्वांड कवा दिसायचं? न्हाईच दिसायचं. ह्यो खांदा बगायची मी. ह्यो उतरता खांदा दिसला की मी पीठ मळाय घ्यायची. ल्हान व्हता तवापास्नं. कारखान्यातनं बी आसाच यायचा." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "तुला न्हाई दिसायचा व्हय?"

मी चुलीपुढे असायची. तो दारात आल्यावर मला कळायचं.

हार मोठ्या फोटोच्या मापाचा होता. तो त्या चिमुकल्या फोटोभोवती ठेवला तर फोटो दिसेनाच. आत्याबाईंनी हारातलं एक फूल तोडून त्याच्यापुढे ठेवलं आणि हात जोडले. मोठा फोटो त्यांनी दिरांना काढायला लावला. पण काच-चौकट फेकवेना, म्हणून तो आत माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला गेला. आत्याबाई त्यानंतर चारच वर्षं होत्या. रोज संध्याकाळी त्या उंबऱ्यात बसून तो काळा फोटो बघायच्या आणि तृप्त असायच्या. त्यांना त्यांचा लेक मिळाला होता. मला त्यांचा हेवा वाटायचा, हेही सांगून टाकते.

कारण माझं उलटंच होत होतं. मी त्या काळ्या माणसाकडे बघून आत तोंड बसवायला जायची. आधी जमायचं. डोळे यायचे, चिखलातून वळून हसला ते हसू यायचं. मग हळूहळू गाल बसलेले येऊ लागले, कान लहान येऊ लागले. चाचांनी पेन्सिलीने केले होते तसे. भुवया दोन्ही कोऱ्या. माझ्या खोलीत भिंतीला टेकून बसलेला तो कोटवाला मुकाट्याने पुढे येत होता, आणि मागचा मागे सरत होता. मी तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला, गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकला. उपयोग झाला नाही, तो आत शिरून बसला होता.

मुलगी चारेक वर्षांची असेल. रविवार होता, मी धुणं घेऊन तळ्यावर गेले होते आणि ती बरोबर होती. उन्हं उतरली होती, बाहेरची माणसं जमली होती, चाचांची सायकलही झाडाला टेकलेली होती. तो फोटो एरवी माझ्या कमरेच्या पिशवीत असायचा, घरी गेले की मी तो आत्याबाईंच्या हातात द्यायची. तिने तो काढला, समोरच्या पाण्याशी ताडून बघितला आणि खूश झाली. "आई, हे तर इथलंच! आणि हे बाबा ना? आजी म्हणती."

मी हो म्हटलं.

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, पाठीमागून बघितला, परत सुलटा केला. "मग तोंड कुठंय बाबांचं? सांग ना, कसं होतं?"

मी हातातलं धुणं ठेवलं. सांगायला तोंड उघडलं, डोळे मिटले, आणि समोर कोट घालून दीर येऊन बसले.

मी तिच्या हातातून फोटो घेतला, ओला होऊ नये म्हणून पदराला पुसला, आणि म्हटलं, "अगं, हा फोटो तळ्याचा आहे. त्यांचा नाही."